पहिली पोळी भूरीची

हसू येत असेल तर आधी हसून घ्या, मित्रांनो, मी थांबतो. मी एक जुना पोळपाट आहे. एखाद्या तलवारीने किंवा शाळेच्या घंटेने आपली कहाणी सांगितली की तुम्ही कान देऊन ऐकता. पोळपाटाला काय सांगायचं असणार, असं तुम्हाला वाटलं तर तुमचा दोष नाही. माझ्यावर रोज पीठ पडतं, त्यावर लाटणं फिरतं आणि तेवढंच आपलं आयुष्य, असं मलाही पुष्कळ दिवस वाटत होतं.

माझा जन्म शिसवीच्या एका ओंडक्यातून झाला. उज्जैनला क्षिप्रेच्या काठी कार्तिक मेळा भरतो, तिथे एका सुताराच्या पालात मी बाकीच्या भावंडांबरोबर उन्हात पडून होतो. तिथे सगळे मला चकला म्हणत. एका संध्याकाळी यशोधन आणि प्राजक्ता हे नवं जोडपं आलं. प्राजक्ताने मला उचललं, बोटाच्या पेराने ठोकलं आणि कानाशी धरलं. सुतार म्हणाला, "शीशम है बहनजी. आपकी बेटी भी इसी पे बेलेगी." ती लाजली आणि तिने घासाघीस न करता मला पिशवीत टाकलं. मेळ्यातून निघताना मी चकला होतो, घरी पोचलो तो पोळपाट झालो.

घरी आल्यावर माझं एक व्यंग उघडकीला आलं. माझ्या चार पायांपैकी एक किंचित आखूड होता. पोळी लाटताना मी टक टक वाजत असे. यशोधन म्हणायचा, "रविवारी पाय घासून देतो याचा." असे कितीतरी रविवार आले आणि गेले. तो देवास गेटजवळच्या एका सरकारी दफ्तरात नोकरीला होता, पण घरातलं कुठलंही काम तो सरकारी गतीनेच करायचा, असं प्राजक्ता म्हणायची आणि तोही हसायचा.

आमचं घर नानाखेड्याच्या एका कॉलनीत. ओट्यासमोर खिडकी आणि खिडकीतून फाटक दिसायचं. माझं सगळं जग म्हणजे हा ओटा आणि ही खिडकी. बाकीचं मी ऐकून जाणतो. लोक माझ्यासमोर काहीही बोलतात, कारण पोळपाटाला कान असतील हे कोणाच्या मनात येत नाही.

काही वर्षांनी घरात अश्लेषा आली. सगळे तिला आशू म्हणत. थोडी मोठी झाल्यावर तिला सकाळी हाक मारावीच लागत नसे. माझी टक टक सुरू झाली की ती डोळे चोळत स्वयंपाकघराच्या दारात उभी राही. मला बेढब पायाचा अभिमान वाटू लागला तो तेव्हापासून. लाटण्याला मात्र याचा हेवा वाटे. लाटण्याचं नाव विनोदात सारखं येतं ना, त्यामुळे ते जरा चढून गेलेलं होतं.

आता मुख्य गोष्ट सांगतो. आमच्या घरात पहिली पोळी गाईची. उज्जैनमध्ये हे घरोघरी चालतं. आमच्या गल्लीत भूरी नावाची एक गाय हिंडायची. सकाळी ती बरोबर फाटकाशी यायची आणि शिंगाने कडी वाजवायची. प्राजक्ता पहिली पोळी लाटायची, तिच्यावर तूप-गूळ घालून ओट्याच्या कडेला ठेवायची. ती भूरीला नेऊन द्यायचं काम आशूचं. शाळेचा ऑटो येण्याआधी ते झालंच पाहिजे, असा दंडक होता.

आशू पाचवीत होती तेव्हाची श्रावणातली एक सकाळ. त्या दिवशी उशीर झाला होता. आशूने दूध टाकून दिलं होतं आणि पोटात कावळे ओरडत होते. पहिली पोळी टम्म फुगली, तुपाचा वास सुटला. प्राजक्ता पाठमोरी होऊन डबा भरत होती. आशूने पोळी उचलली, फाटकापर्यंत गेली, आणि मी खिडकीतून पाहिलं, तिने पोळीची सुरळी केली आणि दोन्ही गाल भरून खायला लागली. भूरी तेव्हा गल्लीच्या टोकाशीच होती.

"आशू, भूरीला दिलीस?" आतून प्राजक्ताने विचारलं.

"हो!" आशू तोंड भरलेलं असतानाच ओरडली आणि ऑटोत जाऊन बसली.

प्राजक्ताने खिडकीतून पाहिलं होतं. सगळं पाहिलं होतं. ती रागावली असं वाटलं का तुम्हाला? ती ओट्याला टेकून इतकी हसली की माझ्यावरचं पीठ उडालं. मग तिने दुसरी पोळी लाटली, तिच्यावरही तूप-गूळ घातला आणि स्वतः फाटकाशी गेली. समोरच्या घरातल्या रजनी आंटी तुळशीला पाणी घालत होत्या. प्राजक्ता त्यांच्याशी काहीतरी बोलली, दोघी हसल्या आणि भूरी पोळी खाऊन पुढे गेली. हे सगळं मी पाहिलं, मित्रांनो. पुढे काय घडलं ते ऐकताना एवढं लक्षात ठेवा.

दुपारच्या सुमारास प्राजक्ता मला धुवायला म्हणून उठली आणि तिने डोक्याला हात लावला. ओट्याची कड धरत ती खाली बसली आणि मग आडवी झाली. हातातली वाटी घरंगळत दारापर्यंत गेली. वाटीचा आवाज ऐकून रजनी आंटी धावत आल्या. पुढे ऍम्ब्युलन्स, फोन, धावपळ. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली, असं मी नंतर ऐकलं. तिला इंदूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. माझ्यावरचं पीठ त्या दिवशी कोणी पुसलं नाही. ते वाळून माझ्या अंगाला चिकटून राहिलं आणि मला ते निघायला नको होतं.

आशूला सांभाळायला यशोधनची बहीण, कल्पना आत्या, इंदूरहून येऊन राहिली. यशोधन नानाखेड्याच्या बसस्टँडवरून रोज इंदूरला जायचा. एका रात्रीच्या जेवणाच्या वेळी आशूने विचारलं, "आत्या, कोमा म्हणजे काय?"

"झोप गं बाळा. गाढ झोप."

"मग उठेल कधी?"

आत्या वाढण्यात फार गढून गेल्यासारखी झाली. मुलांना टाळायचं असलं की मोठी माणसं असंच करतात.

एकदा आशूला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले होते, प्राजक्ताशी बोला, कदाचित ऐकू जात असेल. परत आल्यावर यशोधन बहिणीला सांगत होता, "एक शब्द बोलली नाही पोरगी. नुसती पलंगाचा दांडा पकडून उभी होती. चार-चार लोक होते ना तिथे, घाबरली असेल." पण त्या दिवसापासून आशूने पोळी खाणं सोडलं. भात खायची, पोहे खायची, पोळीला हात लावायची नाही. आत्या वैतागून म्हणायची, "हे काय नवीन सुरू करून राहिली आहेस तू?"

आणि हॉस्पिटलातून आल्याच्या दुसऱ्याच सकाळी आशू स्टूल ओढून माझ्यासमोर उभी राहिली. "गाईची पोळी मी लाटणार," म्हणाली. आत्याने आधी नको म्हटलं, मग गॅसला हात लावायचा नाही या अटीवर कबूल झाली. केवढी धडपड तिची! पोळी कधी आंब्यासारखी व्हायची, कधी नुसतीच लांबडी. मनासारखी झाली नाही की पुन्हा गोळा करायची आणि पुन्हा लाटायची. लाटताना ओठ हलायचे. मी अगदी तिच्या हनुवटीखाली होतो, म्हणून मला ऐकू आलं. "भूरी, माझ्याकडून चूक झाली. आता रोज देईन. आईला उठव."

तेव्हा मला कळलं की या पोरीने आईचं आजारपण स्वतःच्या डोक्यावर घेतलं आहे. गाईची पोळी खाल्ली, वर आईशी खोटं बोलली आणि त्याच दुपारी आई पडली. तिच्या हिशेबात यापलीकडे काही शिल्लकच नव्हतं. खरं काय ते मला माहीत होतं. भूरीला पोळी मिळाली होती, आईला सगळं ठाऊक होतं आणि आई हसली होती. एक वाक्य पुरलं असतं. पण लाकडाला वाक्य येत नाही. मी फक्त टक टक करत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या लाकूडपणाची लाज वाटली.

श्रावण गेला, नवरात्र गेलं. दिवाळीत आमच्या दारात एकच पणती लागली. आशू रोज पोळी लाटत होती आणि आता ती अगदी गोल येऊ लागली होती. मग दिवाळीनंतरच्या एका सकाळी यशोधनचा फोन आला. आत्याने कणकेचा हात तसाच कानाशी नेला. प्राजक्ता गेली होती. आशू स्टुलावर उभी होती, तव्यावर पोळी होती. ती पोळी जळली.

सुतकात आमची चूल पेटली नाही. जेवण रजनी आंटींकडून यायचं. घर पाहुण्यांनी भरलं आणि तेरावं झाल्यावर रिकामं झालं. चौदाव्या दिवशी आत्याने पुन्हा कणीक मळली, पहिली पोळी केली आणि सहज हाक मारली, "आशू, भूरी आली आहे बघ."

आशू आली. पोळी घेतली नाही. माझ्या शेजारचं लाटणं उचललं आणि फाटकाकडे धावली. मी खिडकीतून पाहत होतो. तिने भूरीच्या कपाळावर लाटण्याने मारलं, पुन्हा मारलं. "इतक्या दिल्या ना तुला! इतक्या खाल्ल्यास ना!" भूरी बिचारी मान झटकून मागे सरली आणि निघून गेली. लाटण्याचं टोक फुटलं.

आत्या धावत गेली. "अगं, वेडी झालीस का? गाईला मारतात? पाप लागेल!"

"लागलंय ते आधीच," आशू म्हणाली आणि खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

आत्या वाईट नव्हती हो. तिचा जीव होता पोरीवर. पण त्या वाक्याचा अर्थ विचारायचं सोडून तिने ठरवलं की आईच्या वस्तू बघून पोरीला त्रास होतो आहे. त्याच दुपारी प्राजक्ताच्या साड्या कपाटातून गेल्या, फोटो यशोधनच्या खोलीत गेला, आणि लाटण्याला व मला जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलं. आत्याने येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना बजावलं, रजनी आंटींनाही, "बच्ची के सामने प्राजक्ता का नाम मत निकालना." सगळ्यांनी ते पाळलं. यशोधननेही पाळलं. मला तर वाटतं, त्याला ते सोयीचंच वाटलं असेल, कारण बायकोचं नाव घेतलं की त्याचाच आवाज जात असे.

माझ्या जागी एक पांढराशुभ्र संगमरवरी चकला आला. माळ्यावरून मला त्याचा आवाज येत नसे, कारण तो वाजतच नसे. अंगावर धूळ साचू लागली. एका उंदराने माझा पाय कुरतडून पाहिला आणि चव न आवडल्यामुळे नाद सोडला. खाली घर चालू होतं, पण घरात बोलणं फार कमी ऐकू यायचं. कुकरची शिट्टी, टीव्ही आणि "झोपलीस का?" "हो." एवढंच. मला सगळ्यात जास्त दुःख दुर्लक्षाचं झालं असं मी म्हणालो तर ते खोटं ठरेल. एक गोष्ट माझ्यापाशी होती आणि ती माझ्याबरोबर धुळीत पडून राहणार होती, याचं दुःख होतं.

हिवाळा संपला तशी आत्या तिच्या घरी परतली. बापलेक उरले. यशोधन पोहे आणि खिचडी करायचा, पोळ्या एका बाईंकडून यायच्या. चैत्रात त्या बाई गावी गेल्या आणि यशोधनने स्वतः पोळ्या करायचं मनावर घेतलं. संगमरवरी चकला त्याच्या हाताखाली ओट्यावर घसरू लागला आणि तिसऱ्याच पोळीला फरशीवर पडून त्याचे दोन तुकडे झाले. मला आनंद व्हायला नको होता, पण झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ्याचं दार उघडलं. यशोधनने मला खाली काढलं, ओल्या फडक्याने पुसलं, ओट्यावर ठेवलं आणि फुटक्या टोकाच्या लाटण्याने पहिली पोळी लाटायला घेतली. टक टक. टक टक.

आशूच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. ती धावत आली, केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले. "आई?"

ओट्याशी बाबा होते, कोपरापर्यंत पीठ लागलेले.

मग आशू दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली आणि रडू लागली. "मी खाल्ली होती," ती म्हणाली. "पहिली पोळी मी खाल्ली होती. भूरीची. आणि आईला म्हणाले, दिली. हॉस्पिटलात सांगणार होते, पण सगळे होते तिथे. माझ्यामुळे झालं, बाबा."

यशोधनला आधी काही उलगडेना. मग एकेक धागा लागत गेला, पोळी सोडणं, स्टूल, भूरीला मारणं. तो तसाच पिठाच्या हातांनी तिच्यासमोर फरशीवर बसला. "एवढे महिने हे घेऊन फिरून राहिली होतीस तू?" तो म्हणाला. "अगं, ती रक्तवाहिनी तिच्या जन्मापासूनच कमजोर होती. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. तुला सांगायला पाहिजे होतं, मी नाही सांगितलं. त्या सकाळी ती मला म्हणाली होती, अहो, डोकं जड आहे. मी म्हणालो, चहा घे, बरं वाटेल. मी पण रोज तेच घेऊन बसलो आहे, आशू."

आशूने मान हलवली. "मला बरं वाटावं म्हणून म्हणताय तुम्ही. भूरी उपाशी गेली ना त्या दिवशी."

खिडकीबाहेर रजनी आंटी कढीचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. "भाईसाहब," त्या म्हणाल्या, "एक बात बोलूँ? कल्पना दीदी ने मना किया था, इसलिए आज तक चुप रही."

यशोधनने मान डोलावली.

"बेटा, तेरी मम्मी उस दिन गेट पे आई थी. हाथ में गरम रोटी. हँस-हँस के बुरा हाल. मुझसे बोली, रजनी, आज गाय की रोटी तो हमारी बछिया खा गई, ये दूसरी बना के लाई हूँ."

बछिया म्हणजे वासरू, आशूच. तिचं रडणं थांबलं. "भूरीने खाल्ली?"

"मेरे सामने. पूरी. और मम्मी बोली, देखना, मुँह पे घी लगा है और कहती है दे दी. इतना हँसे हम दोनों."

मित्रांनो, माझ्या छातीवरचा दगड उतरला असं मी म्हणालो असतो, पण छाती नाही. एवढंच सांगतो की त्या क्षणी मला बोलता येत नव्हतं याचं दुःख संपलं. ज्यांना बोलता येत होतं ते शेवटी बोलले होते.

आशूने हाताने डोळे पुसले. मग तिने हळूच विचारलं, "भूरीला मिळाली होती, आई रागावली नव्हती, तर मग आई का गेली?"

यशोधनने तिला जवळ घेतलं. "माहीत नाही, बाळा," तो म्हणाला. "मला पण नाही माहीत."

आणि तेव्हा ती जी रडली, तशी ती तेराव्यालाही रडली नव्हती. आजवर तिच्यापाशी निदान एक कारण होतं. ते गेलं आणि नुसती आई नसणं तेवढं उरलं. यशोधनही रडला. रजनी आंटी आत आल्या, त्यांनी कढी गॅसवर ठेवली आणि त्याही रडल्या. मग आंटीच प्राजक्ताच्या गोष्टी सांगू लागल्या, तिने दाल-बाफले करताना कणकेचे बाफले कसे जाळले होते, महाकालच्या सवारीच्या, म्हणजे पालखीच्या, गर्दीत तिची चप्पल कशी हरवली होती. त्या घरात तिचं नाव इतक्या महिन्यांनी एवढ्या वेळा घेतलं गेलं आणि कोणालाही काही झालं नाही. प्राजक्ताचा फोटो त्याच दिवशी बैठकीत परत आला.

माझा पाय घासायचं यशोधनने पुन्हा एकदा काढलं होतं. आशूने साफ नाही म्हणून सांगितलं.

आता मी म्हातारा झालो आहे. मधोमध थोडा झिजलो आहे. माझ्या वयाची मंडळी शेवटी स्वतःसाठी काहीतरी मागतात. मीही मागतो. मला धुतल्यावर पुसून ठेवत जा, ओलसर राहिलो तर मला चीर पडते. आणि तुमच्या घरातलं कोणी गेलं, तर त्याच्या वस्तू हव्या तर माळ्यावर टाका, पण त्याचं नाव टाकू नका. घरातल्या लहान माणसाला विचारा, तुला काय वाटतं की हे कशामुळे झालं? त्याच्या मनात काय शिजतं आहे ते आम्हा भांड्याकुंड्यांना कळतं, पण आम्हाला सांगता येत नाही. तुम्हाला विचारता येतं.

भूरीला परत यायला बरेच दिवस लागले. पण आली. आज सकाळचीच गोष्ट. पहिली पोळी फुगली, तूप-गूळ पडला, आशू ती घेऊन फाटकाशी गेली. मी खिडकीतून पाहिलं. तिने अर्धी पोळी तोडून आपल्या तोंडात कोंबली आणि अर्धी भूरीपुढे धरली.

"आशू, भूरीला दिलीस?" यशोधनने आतून विचारलं.

"हो!" ती तोंड भरलेलं असतानाच ओरडली.

तो खिडकीतून सगळं पाहत होता. तो हसला, त्याने डोळे पुसले आणि भूरीच्या उरलेल्या अर्ध्यासाठी दुसरी पोळी लाटायला घेतली.